वखारीतली बाळंतीण

आमच्या घरमालकांना, म्हणजे पाटलांना, मूलबाळ नाही, असं कोणी त्यांच्या तोंडावर म्हटलं की ते भडकत.

"काहून नाही? एक लेक हाये ना," म्हणत, आणि अंगणापलीकडच्या कापसाच्या वखारीकडं बोट दाखवत. समोरचा माणूस नवखा असला तर कौतुकानं विचारी, "वा! काय करते लेक?"

"निजली हाये. परवा दोन घुशी खाल्ल्या, आता चार-आठ दिवस कोनाले ओयखत नाही थे."

एवढं ऐकल्यावर नवखा माणूस पागोटं सावरत उठायचा. ही लेक म्हणजे पिवळसर अंगावर तपकिरी ठिपके असलेली, दोन माणसं लांबीची अजगरीण होती. तिच्यावरून गाव पाटलांना वेडं म्हणे आणि पाटील गावाला वेडं म्हणत. माझ्या मते दोघांचंही थोडं थोडं खरं होतं.

मी त्यांच्याकडं भाडेकरू म्हणून गेले तेव्हा माझ्या लग्नाला फार दिवस झाले नव्हते. अमेरिकेत कुठं लढाई जुंपली होती म्हणे. तिकडचा कापूस विलायतेला जाईना, म्हणून विलायतवाल्यांनी आपल्या कापसावर उडी घातली, म्हणून मुंबईच्या एका व्यापाऱ्यानं वऱ्हाडात माणसं पाठवली, त्यात आमचे हे कारकून, आणि म्हणून साताऱ्याकडची मी उमरावतीला येऊन पडले. अमरावतीला तेव्हा सगळे उमरावतीच म्हणत. कुठल्या लढाईनं कोणाची चूल कुठं मांडावी याला काही धरबंधच नाही. आगगाडी अजून वऱ्हाडात पोचली नव्हती. माहेरी जायचं तर बैलगाडीत हाडं खिळखिळी करून घ्यायची, आणि लवकरच माझ्या पोटात बाळही आलं. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण तो विचार मी सोडून दिला होता. सोडून दिला होता म्हणजे रोज एकदा रडून घेत होते.

गाव मात्र आनंदानं खुळावलं होतं. कापसाच्या गाड्या रस्त्यात मावत नव्हत्या, बैलांच्या शिंगांवर चांदीच्या शेंब्या चढल्या होत्या. हवेत इतके तंतू उडायचे की ताकात कापूस, पिठात कापूस, कुंकवाच्या करंड्यातसुद्धा कापूस. ज्याच्याकडं चार पैसे आले त्यानं घोडा घेतला. पाटलांकडं आले तेव्हा त्यांनी अजगरिणीसाठी नवरा आणला.

घर बघायला गेलो त्या दिवशी मी शहाणपणानं विचारलं होतं, "उंदीर फार आहेत का हो?" वखारीला लागून घर म्हटल्यावर सरकी खायला उंदीर-घुशींची जत्रा असणारच. पाटील एवढे खूष झाले की त्यांनी मांडीवर थाप मारली.

"एक दाखवा, बाई! एक जरी दाखवला ना, तं घर तुमचं!"

ही हमी कशाच्या जोरावर होती ते मला राहायला गेल्यावर दोन-तीन दिवसांनी कळलं. मी वखारीच्या दारावरून पाणी आणायला चालले होते, आणि कापसाच्या गठ्ठ्यावरची दोरी हलली. मी घागर टाकली आणि किंचाळले. पाटील धावत आले. माझी समजूत घालायची सोडून ते दोरीचीच समजूत घालायला लागले. "काही नाही माय, नवी भाडेकरीन हाये. तिचा आवाजच तसा हाये." मग त्यांनी मला बळेबळेच ओळख करून घ्यायला लावली. एक हात त्या अंगावर ठेवायला लावला. थंडगार होतं. सावलीतल्या माठाला हात लावावा तसं. 

पाटील अंगानं आडवे आणि आवाजानं त्याहून आडवे. हळू बोलणं म्हणजे काय हे त्यांना ठाऊकच नव्हतं. कोणाच्या कानात सांगितलेली गोष्ट बाजाराच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जायची. वखारीत शिरताना मात्र ते जोडे बाहेर काढत आणि दारात खाकरत, बायकांच्या माजघरात जाताना माणूस खाकरतो तसं. बाजारात कोणी "काय पाटील, आज काय भाव?" विचारलं की आधी लेकीची तब्येत सांगत, मग जावयाची तक्रार, आणि भाव सगळ्यात शेवटी, तोही चुकीचा.

लेक त्यांच्याकडं आली ती अकोटच्या कापसाच्या गाडीतून. गाडी रिकामी करताना तळाशी ही वेटोळं करून बसलेली. हमाल पळाले, गाडीवान झाडावर चढला. पाटील गाडीच्या जुवावर बसून तिच्याकडं बघत राहिले आणि म्हणाले, "पाहुनी हाये. जेवल्याबिगर कशी धाडू?" ती जेवली ती वखारीतल्या उंदरांवर, आणि मग जायचं नावच काढीना. जावई मेळघाटातून टोपलीत बसून आला. त्यानं आल्या आल्या पाटलांची लाडकी शेळी गिळली. दुसऱ्या कोणी असं केलं असतं तर पाटलांनी त्याला सोलून काढलं असतं. पण जावयाला कसं बोलायचं म्हणून गप्प बसले.

अकोल्याचे एक हकीमसाहेब पाटलांचे जुने दोस्त होते. वर्षातून तीन-चारदा, मूर्तिजापूरला मुक्काम करत करत, ते बैलगाडीनं यायचे. आले की आठवडाभर राहायचे, पाटलांशी सोंगट्या खेळायचे आणि भांडायचे. दोघांच्या भांडणाचं मूळ एकच होतं, सरकीचा ढीग.

झालं असं होतं की, आम्ही येण्याच्या आदल्या वर्षी अजगरिणीनं पहिल्यांदा अंडी घातली. ती त्यांच्याभोवती वेटोळं करून बसली ती हलेना, खाईना. हकीमसाहेब म्हणाले, "पाटील, साप को क्या समझता है? सरकी का ढीग अंदर से कैसा गरम रहता, मालूम है ना? उसमें गाड दो. मुर्गी की ज़रूरत नहीं, माँ की भी ज़रूरत नहीं." सरकीचा ढीग आतून तापतो हे कापसाच्या गावात पोरंसोरं जाणतात. थंडीत कुत्री त्यावर झोपतात. पाटलांना ते पटलं. त्यांनी अंडी काढून घेतली आणि ढिगात पुरली. आठ दिवसांत ढीग असा तापला की हात घालवेना. अंडी उकडून निघाली.

ही हकीकत पाटलांनी मला सांगितली तेव्हा ते वखारीच्या भिंतीकडं तोंड करून बसले होते. "अंडी घेतली तवा तिनं मले काही नाही केलं, बाई. नुसती पाहे. अन् मंग वखारभर हुडकत फिरली. एकेका गठ्ठ्यावर डोकं टेकवे अन् पुढं जाये. म्या तिकडं जानंच सोडलं."

तेव्हापासून त्यांनी एक वाक्य धरलं होतं, "तिचं तिच्याजवय राहू द्या." ते कुठंही लावत. मांजरीची पिलं कोणी उचलली, वासरू गाईपासून दूर बांधलं, की पाटलांचा आवाज आलाच. चरकीवर सरकी काढणाऱ्या बायांची तान्ही पोरं मुकादमानं झाडाखाली नेऊन ठेवली, तर त्यांनी मुकादमालाच झाडाखाली बसवलं आणि पोरं आयांच्या मांडीवर परत आणली. बाया म्हणत, पाटील येडे हायेत पन आमच्या कामाचे हायेत.

चैत्रात लेकीनं पुन्हा अंडी घातली, तीही वखारीतल्या सगळ्यात चांगल्या कापसाच्या मधोमध. पाटलांनी लगेच फर्मान काढलं. मुलीचं बाळंतपण माहेरी आहे, सगळं रीतीनं होईल. दारावर लिंबाचा डहाळा लागला, वाटीभर धुरी दारातूनच दाखवली गेली, जावयाची रवानगी गोठ्यात झाली. बाळंतिणीच्या खोलीत पुरुषमाणसानं जायचं नाही म्हणून पाटील स्वतःसुद्धा उंबऱ्याबाहेर थांबत. पाण्याची परात लांब काठीनं आत सरकवत आणि विचारत, "बरं हाये ना, माय?"

कापूस अर्थातच अडकला. आमच्या ह्यांच्याच व्यापाऱ्याचा दलाल तो उचलायला मुंबईहून आला. पोशाखी, मर्यादशील माणूस. दारातून कापूस बघून त्यानं हमालांना खूण केली.

"थांबा," पाटील म्हणाले. "आत बायंतीन हाये."

दलालानं जीभ चावली आणि दोन पावलं मागं सरला. "माफ करा. ठाऊक नव्हतं. पण वखारीत?"

"तिले थेच ठिकान पसंत पडलं. म्या काय करू?"

"बरोबर, बरोबर. काय झालं? मुलगा की मुलगी?"

"अजून कशाचाच पत्ता नाही."

"म्हणजे अडली आहे का?"

"नाही जी. बसली हाये."

 आमचे हे मागं उभे राहून धोतराच्या सोग्यानं तोंड पुसत होते. खरं सांगावं तर घर जाईल, न सांगावं तर नोकरी. त्यांनी खोकला काढला. दलालानं मोठ्या मनानं कापसाला मुदत दिली, आणि दुसऱ्या दिवशी पाटलांच्या घरी बाळंतविडा पाठवला. झबली, टोपडी, दुपटी, डिंक, खारका. पाटलांनी तो डोळ्यांना लावला आणि वखारीच्या दाराबाहेरच्या कोनाड्यात नेऊन ठेवला.

मीही ह्यांच्याबरोबर या सगळ्यावर हसे, पण संध्याकाळी एकटी असले की वाटे, एका अजगरिणीला माहेर मिळालं, मला नाही.

वैशाखात एका दुपारी आभाळ भरून आलं आणि गारांनी गाव झोडपलं. वखारीचं एक अंग गळलं. उन्हाळ्यात अंगावर काटा यावा असा वारा सुटला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाटलांची हाक ऐकून आम्ही सगळे वखारीच्या दारात जमलो. अजगरीण अंड्यांभोवती घट्ट बसली होती आणि तिचं सबंध अंग धक्के खात होतं. उचकी लागावी तसं, थांबून थांबून, एकामागून एक.

हकीमसाहेब तेव्हा मुक्कामालाच होते. त्यांनी उंबऱ्याबाहेरूनच पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "पाटील, ये जाड़ा-बुखार है. इतने दिन की भूखी है, उसमें ये ठंड. अंडे निकाल लो. माँ तो बचेगी."

 पाटील घरात गेले आणि निखाऱ्यांनी भरलेली शेगडी घेऊन आले. बाळंतिणीला शेक द्यायचा, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. चरकीवरच्या बाया ओरडायला लागल्या. "पाटील, इस्तो घेऊन कुठी चालले? वखार पेटन ना जी! सारी पेठ पेटन!" दोन हमाल आडवे झाले. पाटलांनी शेगडी खाली ठेवली, स्वतः उंबऱ्याशी बसले, आणि पागोटं काढून मांडीवर घेतलं. त्या माणसाला मी बोडक्या डोक्यानं कधी पाहिलं नव्हतं.

"मागं म्या अंडी मारली," ते म्हणाले. "आता नाही काढली तं लेक मरते. काढली तं... तिले हुडकताना पुन्हा नाही पाहू शकत म्या." मग त्यांनी बायांकडं पाहिलं. "कोनी तरी आत जाऊन पाहा व. बाईमानसाचा हात पाहिजे."

एकही बाई पुढं होईना. मला सातवा सरून आठवा लागला होता, मी तर मुळीच व्हायला नको होतं. पण म्हाताऱ्या माणसानं असं पागोटं मांडीवर घेऊन बसलेलं मला पाहवेना. माझे वडील माझी पाठवणी करताना असेच बसले होते. मी आत गेले. हे मागून हाका मारत राहिले.

तिनं डोकं थोडं उचललं, जीभ लवलवली, आणि डोकं पुन्हा वेटोळ्यावर टेकलं. अंडी दिसतच नव्हती, एकाची पांढरी कड काय ती दिसत होती. मी हात ठेवला. माठाच्या थंडाव्यासाठी मनाची तयारी केली होती, आणि हाताला ऊब लागली. चुलीमागची भिंत सकाळी असते तशी. मी शेजारच्या कापसात हात घातला, तो गार होता. पुन्हा तिच्यावर ठेवला. तळव्याखाली एक धक्का बसला, आणि त्याच वेळी माझ्या पोटातलं बाळ हललं. मला हसूच आलं.

"पाटील, शेगडी परत न्या," मी आतूनच म्हणाले. "ही आजारी नाही. हिला ताप असता तर मिठी सैल झाली असती, हिनं तर आणखी घट्ट केलीय. गारठा पडला म्हणून अंग हलवून हलवून ही ऊब काढतेय. हिची शेगडी हिच्या अंगातच आहे."

 बाहेरून हकीमसाहेबांनी विचारलं, "बहू, सच? गरम है?" मी हो म्हटल्यावर ते मोठमोठ्यानं हसायला लागले आणि त्यांनी पाटलांच्या पाठीत धपाटा घातला. "अरे पाटील, हम दोनों गधे हैं! एक बार सरकी में, एक बार शेगडी पे!" दुपारी ऊन तापलं तसे तिचे धक्के कमी होत होत थांबले. पाटलांनी पागोटं बांधलं. त्या दिवसापासून त्यांनी मला 'बाई' म्हणायचं सोडलं आणि 'माय' म्हणायला लागले.

पुढं पंधरवडाही गेला नसेल, माझेच दिवस अवेळी भरले. मुलगी झाली, मूठभर. रडली तीही मांजरीच्या पिलासारखी. सुईण जुनी, मुरलेली होती. तिनं मुलीला स्वच्छ रुईत गुंडाळलं, सुपात घातलं आणि सूप शेगडीशेजारी ठेवलं. कापसाच्या गावात थंडीवर कापूस, याच्यापलीकडं कोणाला काय सुचणार? ती रुई पाटलांनीच वेचून पाठवली होती. पण मुलीचे पाय काही ऊन होईनात. तिचं रडणं बारीक बारीक होत चाललं. मी बाजेवर पडून सुपाकडं बघत होते. तिला माझ्याजवळ द्या म्हणायचं धाडस मला होईना.

ओसरीवर दाराकडं पाठ करून पाटील बसले होते. "पोट्टी काय करून राहिली?" त्यांनी विचारलं.

"सुपात हाये. कापसात गुंडायली," सुईण म्हणाली.

 घराचे वासे हलावेत असा पाटलांचा आवाज आला. "सुपात काहून? मायच्या अंगावर द्या तिले! कापूस काढा थो!"

"तुमी गप ऱ्हा जी! हे बायांचं काम हाये!"

"म्या बाईचंच सांगून राहिलो! तिचं तिच्याजवय राहू द्या!"

माझ्या तळव्याला ती चुलीमागच्या भिंतीची ऊब आठवली. मी हात पसरले आणि म्हणाले, "द्या इकडं." सुईण कुरकुरली, पण तिनं रुई सोडून मुलगी माझ्या उघड्या छातीवर ठेवली. मी गुडघे वर घेतले, दोन्ही हात तिच्याभोवती टाकले आणि वरून गोधडी ओढायला सांगितली. वेटोळंच घातलं म्हणा ना. दुपारपर्यंत तिचे पाय ऊन झाले. संध्याकाळी ती प्यायली, आणि मग असं रडली की सुईणीनं कानावर हात ठेवले.

त्याच आठवड्यात एका सकाळी पाटील माझ्या दाराशी येऊन खाकरले. "माय, तिची लेकरं अंड्यातून डोकी काढून पाहून राहिली! म्या खोकललो तं सारी आत गेली!" दिवसभर ते दर थोड्या वेळानं बातमी आणत होते. पिलं बाहेर आली, तीही एकदम नाही, मन मानेल तशी, एकेक. सगळी निघाल्यावर अजगरीण सैल झाली, परातीतलं पाणी प्यायली आणि सरळ उंदरांच्या कोपऱ्याकडं निघून गेली. याचं मात्र पाटलांना फार लागलं.

"वळूनही नाही पाहिलं व लेकरांकडं!"

"भूक लागली असेल हो तिला," मी आतून म्हणाले. "जेवढं करायचं तेवढं तिनं केलंच की."

पिलं टोपलीत बसून मेळघाटाच्या पायथ्याशी गेली, आजोबा स्वतः पोचवायला गेले. शेजाऱ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. दलाल कापूस न्यायला आला तेव्हा त्याला वखार दाखवण्यात आली. तो बराच वेळ आमच्या ह्यांच्याकडं बघत राहिला. मग मुकाट्यानं कापूस मोजायला लागला. बाळंतविडा कोनाड्यातून माझ्याकडं आला होता, आणि त्यातलं टोपडं माझ्या मुलीच्या नाकापर्यंत येत होतं.

बाराव्या दिवशी बारसं. पाटलांनी पातेली भरभरून घुगऱ्या शिजवल्या होत्या आणि घरापुढून जाणाऱ्या प्रत्येक कापसाच्या गाडीला थांबवून गाडीवानाच्या ओंजळीत त्या ओतत होते. गाड्यांची रांग लागली, बैल हंबरायला लागले. आत मुलीला पोटाशी घेऊन पडल्या पडल्या मला सगळं ऐकू येत होतं. कोणी तरी विचारलं, "पाटील, घुगऱ्या कशाच्या?"

"माह्या लेकी सुखरूप सुटल्या!"

"लेकी? तुमाले तं एकच हाये म्हनता ना?"

"दोन हायेत गा!" पाटील गरजले. "एक वखारीत, अन् एक या घरात!"

साताऱ्याची आठवण काढून मी त्या घरात पुष्कळ रडले होते. त्या दिवशीही रडलेच, पण हलता येत नव्हतं, मुलगी नुकतीच झोपली होती. म्हणून तशीच आतून ओरडले, "हळू बोला, पाटील! नात उठेल!"

 बाहेरून पाटलांचा आवाज आला, आणि मी ओळखते तेव्हापासून पहिल्यांदाच तो कुजबुजत होता.

"घुगऱ्या घ्या गा सारे जन. पन आवाज नोका करू."